पेटीत पडले ते कोणाचे?

‘डस्टबिन’ हा शब्द मराठी घरात इतका मुरला आहे की ‘केराची टोपली’ म्हटले तर लहान मुले दोनदा विचारतात. या शब्दातला ‘डस्ट’ म्हणजे धूळ, असे आपण धरून चालतो. तो ज्या लंडनमध्ये रुळला तिथे मात्र ‘डस्ट’ म्हणजे दगडी कोळशाची राख होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या घराघरांत ऊब आणि स्वयंपाक या दोन्हींसाठी कोळसा जळे आणि घरातून निघणाऱ्या केरात सगळ्यात मोठा वाटा या राखेचा असे. आपल्याकडे चुलीची राख भांडी घासायला जाई. पालापाचोळा, शेण, उष्टे-खरकटे परसातल्या उकिरड्यावर जाई आणि उकिरडा मृगाआधी गाडीत भरून शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो असे आपण म्हणतो खरे, पण शेतकऱ्याच्या लेखी तो दरवर्षीच फिटत होता. उकिरडा ज्याचा त्याचा असल्याने त्याच्या मालकीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो पेटीबरोबर. उंबऱ्याबाहेर, सगळ्यांच्या वाटेत ठेवलेल्या पेटीत एखादी वस्तू पडली की ती कोणाची? टाकणाऱ्याची, पेटी ठेवणाऱ्याची, की जो आधी हात घालेल त्याची? कचरापेटीचा इतिहास आरोग्याचा इतिहास म्हणून सांगायची पद्धत आहे. मला तो आधी मालकीचा इतिहास वाटतो. पेटी जिथे जिथे आली तिथे तिथे कालपर्यंत उघड्या ढिगावर पोट भरणारा कोणीतरी एका रात्रीत आगंतुक ठरला, कधीकधी चोरही ठरला. आणि पेटीची व्यवस्था टिकली की फसली, हे तिच्या झाकणापेक्षा या माणसाशी झालेल्या तडजोडीवर ठरत गेले.

लंडनपासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी की तिथे कचरा हा चक्क विकत घ्यायचा माल होता. शहर वाढत होते, बांधकामे चालू होती, आणि विटा पाडणाऱ्यांना चाळलेली बारीक राख मातीत मिसळायला आणि अर्धवट जळालेले कोळसे भट्टीत घालायला हवे असत. त्यामुळे घरोघरची राख उचलण्याचा मक्ता घेणारा कंत्राटदार उलट पॅरिशला, म्हणजे तिथल्या वॉर्डाला, पैसे मोजत असे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ सालच्या आपल्या ग्रंथात या धंद्याचे जे वर्णन केले आहे ते आजच्या कोणत्याही भंगारवाल्याला ओळखीचे वाटेल. आवारात राखेचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी जाड एप्रन बांधलेल्या बायका, हातात चाळण्या. चाळणीखाली पडलेले विटांसाठी आणि खतासाठी; वर उरलेल्यातून कोळसे वेगळे, हाडे वेगळी, चिंध्या वेगळ्या, पत्रा वेगळा. फुटक्या विटा आणि कालवांचे शिंपले रस्त्याच्या आणि पायाच्या भरावाला जात. फाटके बूटसुद्धा वाया जात नसत. ते ‘प्रशियन ब्लू’ हा निळा रंग बनवणाऱ्यांना विकले जात. चार्ल्स डिकन्सच्या १८६४-६५ मधल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीतली सगळी वारसाहक्काची भानगड अशाच राखेच्या ढिगांवरून घडते. कादंबरीकाराने ती हवेतून आणलेली नव्हती.

जिथे मालाला भाव असतो तिथे चोरही असतो. मक्ता दुसऱ्याचा असताना पहाटे गाडी घेऊन येणारे आणि घरोघरची राख पळवणारे लोक लंडनमध्ये होते; त्यांना ‘उडते डस्टमन’ म्हणत आणि कंत्राटदार त्यांच्यावर खटले भरत. राखेच्या चोरीबद्दल शिक्षा ही गोष्ट आज विनोदी वाटते, पण तिच्यात पुढच्या दोनशे वर्षांची बीजे आहेत. घरमालकाला ती राख नकोशी होती, उचलणारा कोणीही असो, त्याला सुखदुःख नव्हते. तरीही कायद्याच्या दृष्टीने राखेला धनी होता, कारण तिच्यासाठी कोणीतरी पैसे मोजले होते. पुढे विटांची मागणी कमी-जास्त होऊ लागली, राखेचा भाव पडला आणि पारडे फिरले: आता पॅरिश कंत्राटदाराला पैसे देऊ लागली. माल होता त्याचा कचरा झाला, वस्तूत काडीचाही बदल न होता. हे उलटे झालेले पारडे लक्षात ठेवावे, कारण मालकीचा हक्क मात्र त्याच्याबरोबर उलटला नाही. राख आता नकोशी झाली होती. तरी ती ‘आमची’ असल्याचा दावा तसाच राहिला.

पॅरिसमध्ये हाच प्रश्न जास्त उघडपणे, रस्त्यावर सोडवला गेला. तिथल्या कचरावेचकांना शिफोनिए म्हणत. चिंधीला फ्रेंचमध्ये ‘शिफों’, त्यावरून. लाकडाच्या लगद्याचा कागद यायच्या आधी कागद चिंध्यांचा होत असे, त्यामुळे चिंधीला भाव होता. हाडांना बटणे आणि साखर शुद्ध करायचा कोळसा यांसाठी भाव होता. पाठीवर करंडा, एका हातात आकडी, दुसऱ्या हातात कंदील असा हा माणूस रात्री फिरे. १८२८ मध्ये पोलिसांनी त्यांना धातूचा बिल्ला सक्तीचा केला. त्यांच्यातही उतरंड होती: काहींचे ठरलेल्या घरांवर पिढीजात हक्क असत, ते विकताही येत, आणि ज्यांना घरे नव्हती ते उरलेसुरले वेचत. १८३२ च्या वसंतात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा प्रशासनाने कचरा लवकर उचलण्यासाठी नव्या मक्तेदाराच्या गाड्या संध्याकाळीच रस्त्यावर आणल्या. रात्री वेचायला काही उरणारच नव्हते. शिफोनिए रस्त्यावर उतरले आणि त्यांनी त्या गाड्या मोडून जाळल्या. साथीच्या काळात स्वच्छतेच्या गाड्या जाळणारे लोक म्हणजे अडाणी, असा निवाडा तेव्हाही झाला. पण ज्याच्या ताटातले अन्न ‘तुझ्या आरोग्यासाठी’ म्हणून काढून घेतले जाते, त्याने काय करावे अशी अपेक्षा होती?

पन्नास वर्षांनी यूजेन पूबेल आला. १८८३ मध्ये तो सेन विभागाचा प्रीफेक्ट झाला आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्याने फर्मान काढले की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाच्या पेट्या पुरवाव्यात. हे १५ जानेवारी १८८४ पासून अमलात आले. या फर्मानाचे आश्चर्य वाटते ते वेगळ्याच कारणाने: त्यात पेट्या तीन होत्या. एक सडणाऱ्या कचऱ्याची, एक कागद-चिंध्यांची आणि तिसरी फुटकी काच, चिनीमाती आणि कालवांच्या शिंपल्यांची. ओला-सुका वेगळा करा, असे आज आपल्याला सांगणाऱ्या फलकांच्या सव्वाशे वर्षे आधीचा हा हुकूम. तो पाळला मात्र गेला नाही. घरमालकांना खर्च नको होता, दरवानांना काम नको होते, आणि शिफोनिएंना पेटीच नको होती. वर्तमानपत्रांनी त्यांची बाजू घेतली आणि थट्टेने त्या डब्यालाच ‘पूबेल’ नाव दिले, जे आज फ्रेंच भाषेत कचरापेटीचे सर्वसामान्य नाम आहे. बिचाऱ्या प्रीफेक्टचे इतके मोठे स्मारक कोणत्याही पुतळ्याने झाले नसते. पण नावापेक्षा तडजोड महत्त्वाची. काही आठवड्यांतच नियम सैल झाला: गाडी येण्याआधी शिफोनिएने पेटी जमिनीवर पसरलेल्या कापडावर उपडी करावी, हवे ते निवडावे आणि उरलेले पुन्हा पेटीत भरावे. झाकण राहिले, साथीची भीती कमी झाली, आणि वेचणाऱ्याचा हातही राहिला. तीन पेट्यांची शिस्त कागदावरच राहिली आणि चादरीवरची वेचणी मात्र चालू राहिली. पुढे हे लोक तटबंदीबाहेर ढकलले गेले. सँ-तुआँ इथे त्यांनी मांडलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आज जगभरचे हौशी लोक महागड्या दुर्मीळ वस्तू शोधत फिरतात.

विसाव्या शतकाने पेटी मोठी केली आणि तिला यंत्र जोडले. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलमध्ये बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या डेम्पस्टर बंधूंपैकी जॉर्ज डेम्पस्टर यांनी १९३० च्या दशकात ट्रकने यांत्रिक पद्धतीने उचलायच्या पोलादी पेटीची पेटंटे घेतली. ‘डेम्पस्टर’ आणि ‘डंप’ यांचा संकर होऊन ‘डंपस्टर’ हा शब्द झाला. हे गृहस्थ पुढे त्या शहराचे महापौरही झाले. ब्रिटनमध्ये याच घराण्यातल्या पेटीला ‘स्किप’ म्हणतात. आपल्याकडे तिला नुसते ‘कंटेनर’ म्हणतात आणि ती उचलणाऱ्या गाडीला महापालिकेच्या गॅरेजात ‘डंपर प्लेसर’. पेटी नीट पाहिली तर तिचा आकार हेतूने दिलेला कळतो. दोन्ही टोके तिरकी, तोंड रुंद, तळ अरुंद, बाजूंना कड्या अडकवायचे चार खुंट. गाडी उलटी येते, मागचे दोन हात पेटीवरून जातात, चार साखळ्या खुंटांना अडकवल्या जातात आणि पेटी झुलत गाडीच्या पाठीवर येते. म्हणूनच ती काठोकाठ भरायची असते, शीग लावायची नसते: झुलताना वरचे ओघळले तर खाली उभ्या माणसाच्या डोक्यात विटा पडतात. म्हणूनच ती कठीण, सपाट जागी ठेवायची असते, गटाराच्या झाकणावर नाही. आणि म्हणूनच तिच्यात गॅसची टाकी, बॅटरी, रंगाचा डबा टाकायचा नसतो. एकदा साखळीवर चढलेल्या पेटीत आग लागली की चालक काहीच करू शकत नाही.

ब्रिटनने या पेटीला कायद्यात बसवले ते मन लावून वाचण्यासारखे आहे. १९७१ च्या आणि नंतर १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार रस्त्यावर स्किप ठेवायला रस्ता खात्याची लेखी परवानगी लागते. रात्री तिला दिवे लागतात. मालकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता पुसला जाणार नाही असा तिच्यावर लिहिलेला असावा लागतो. भरल्यावर शक्य तितक्या लवकर ती हलवावी लागते. १९८४ च्या नियमांनी तिच्या टोकांना लाल-पिवळे चमकते पट्टेही दिले. या सगळ्याचे सार एकच: रस्त्यावर उभ्या असलेल्या कचऱ्याला नाव-गाव हवे. अपघात झाला तर कोणाला विचारायचे ते पेटीवर रंगवलेले असते. हे चांगलेच आहे आणि आपल्याकडे याचे निम्मे जरी आले तरी पावसाळी रात्री दुचाकीवरून जाणाऱ्यांचे प्राण वाचतील. पण मालकाचे नाव लिहिले की मालकीही आली. १९५७ च्या विल्यम्स विरुद्ध फिलिप्स या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले की घरातल्या माणसाने कचरापेटीत टाकलेली वस्तू ही ‘सोडून दिलेली’ वस्तू नव्हे. उचलेपर्यंत ती घरमालकाची, उचलल्यावर नगरपालिकेची. मधल्यामध्ये तिच्यातून काही घेणारा सफाई कामगार चोर. ज्या कामगारांना दोषी धरले ते स्वतःच त्या पेट्या उचलत होते. २०१४ मध्ये लंडनच्या एका सुपरमार्केटमागच्या पेट्यांतून टाकून दिलेले अन्न घेतल्याबद्दल तिघांवर चालवलेला खटला गाजला. तो १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्याखाली होता आणि शेवटी सरकारी वकिलांनीच तो मागे घेतला. पण मागे घेतला तो खटला. कायदा तेव्हा तिथेच राहिला.

मालकीची हीच कल्पना त्याच्या कितीतरी आधी जहाजातून मुंबईत आली होती. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात रस्ते झाडणे, पेट्या आणि डेपो ठेवणे, रहिवाशांनी केर त्यात नेऊन टाकणे ही कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यांच्याबरोबरच गोळा झालेला कचरा ही महापालिकेची मालमत्ता असेल, हेही सांगितले आहे. शंभर वर्षे या वाक्याने कोणाचे काही बिघडवले नाही, कारण कोणी ते वाचलेच नाही. तसे पाहिले तर आपल्या घरातल्या नको असलेल्या वस्तू पेटीपर्यंत पोहोचतच नव्हत्या. रद्दी तराजूवर जाई, जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांचे पातेले होई, पितळ-तांबे मोडीत जाई. जुना वाडा पाडायचा असला तर आजही पाडणारा ठेकेदार सागवानी तुळया, दारे आणि ओतीव लोखंडाच्या जाळ्या पाहून मालकाला उलट पैसे देतो, अगदी त्या लंडनच्या राखवाल्यासारखे. आणि त्यातले काही पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर दिसते. या साखळीतून जे सुटे तेवढेच कचराकुंडीत पडे, आणि तिथे शेवटची चाळणी म्हणून कचरावेचक बाई उभी असे. पुण्यात या बायका बहुतांशी दलित समाजातल्या. त्यांच्यातली कित्येक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. पाठीवर पोते, हातात आकडी. पॅरिसच्या शिफोनिएच्या हातात कंदील होता, एवढाच काय तो फरक.

पुण्यात जे घडले ते या इतिहासातले, माझ्या मते, सगळ्यात विचारपूर्वक पाऊल आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातले लोक या बायकांबरोबर काम करू लागले, आणि कुंडीत हात घालण्यापेक्षा दारातूनच सुका माल वेगळा मिळाला तर बरा, हा विचार पुढे आला. कोरेगाव पार्क भागात तसे सुरूही झाले. मग एका व्यावसायिकाने गाडी लावून तोच माल दारोदार गोळा करायला घेतला. म्हणजे पुन्हा तेच: नवी गाडी आली आणि जुना हात बाजूला पडला. फरक इतकाच की पॅरिसमध्ये गाड्या जाळल्या गेल्या आणि इथे बायकांनी निदर्शने करून बोलणी केली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायत उभी करणाऱ्या माणसाला कष्टाचा हिशेब कसा मागायचा ते शिकवायला नको होते. पंचायतीने भीक मागितली नाही, युक्तिवाद केला: आम्ही वेचतो तेवढा कचरा महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही, म्हणून आमचे काम हे महापालिकेचेच काम आहे. १९९५-९६ च्या सुमारास महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००० मध्ये केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले, त्यांनी दारोदार संकलन सांगितले, आणि रस्त्यावरच्या कंटेनरचे दिवस भरल्याचे दिसू लागले. कंटेनर गेला तर वेचायचे कुठे? त्याचे उत्तर म्हणून २००८ मध्ये कचरावेचकांचीच सहकारी संस्था, ‘स्वच्छ’, महापालिकेशी करार करून दारोदार फिरू लागली; सुका माल तिचा, वर घरटी शुल्क. कचऱ्यावरचा कायदेशीर हक्क न बदलता वापराचा हक्क वेचणाऱ्याला देण्याची ही युक्ती पूबेलच्या चादरीची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली, तीत या अनुभवाचा वाटा आहे.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा. कॉलरा, प्लेग, कुत्री, उंदीर हे खोटे नव्हते. झाकण लावणे हा अन्याय कसा? नाहीच. पण झाकण वेगळे आणि कुलूप वेगळे, आणि आरोग्याच्या नावाखाली नेहमी दुसरे पहिल्यात दडवून आणले जाते. १८९७ च्या पुण्याला हे कोणी समजावून सांगायला नको. प्लेगच्या साथीत रँड या अधिकाऱ्याच्या अमलाखाली सैनिक घरात शिरले आणि लोकांचे अंथरूण-पांघरूण, लाकूडसामान रस्त्यावर आणून जाळले गेले. घरातली चांगली वस्तू ‘कचरा’ ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेला की काय होते, हे त्या उन्हाळ्याने दाखवले. साथ खरी होती आणि तरी लोकांचा संतापही खरा होता. पॅरिसची चादर हे दाखवते की झाकण ठेवूनही हात चालू ठेवता येतो. दारातूनच वेगळा केलेला माल तर कुंडीपेक्षा किती तरी आरोग्याचा. तो घेणाऱ्या बाईला सुई टोचत नाही आणि काच कापत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. कचऱ्यावरचा ‘हक्क’ हा शब्द महाराष्ट्रात फार जुना आहे आणि त्याची चव कडू आहे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम आणि त्या जनावरावर, प्रेतावरच्या कापडावर त्यांचा ‘हक्क’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की असले हक्क सोडा. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले ते याच बेड्या तोडायला. मग शतकाच्या शेवटी त्याच समाजातल्या बायकांना कचऱ्यावरचा हक्क मिळवून देणे ही प्रगती की परागती? माझे उत्तर असे: वतनाचा हक्क जन्माने मिळे, नाकारता येत नसे आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री वेठ भरावी लागे. हक्काच्या नावाने ते बंधन होते. ओळखपत्र घेणारी बाई ते उद्या परत देऊ शकते, तिला दर ठरवता येतो, तिची संघटना कराराच्या टेबलावर बसते. पंचायतीने सुरुवातीपासून मुलांना कुंडीवरून शाळेकडे वळवण्याचा आग्रह धरला, तोही याचसाठी. तरीही आक्षेपातला एक भाग उरतोच, आणि तो उरू द्यावा. या कामात दुसऱ्या जातींची माणसे येत नाहीत तोवर त्याला निव्वळ ‘व्यवसाय’ म्हणणे ही अर्धवट गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा: मालक एकच नसेल तर जबाबदार कोण? स्किपवरचे नाव पुसून टाकले तर अपघाताला उत्तर कोण देणार? इथे ब्रिटनचाच अनुभव उपयोगी पडतो. १ ऑक्टोबर १९९६ पासून तिथे जमिनीत पुरायच्या कचऱ्यावर कर आला: साधारण कचऱ्याला टनामागे ७ पौंड, दगड-मातीसारख्या निरुपद्रवी मालाला २ पौंड. मिसळलेली पेटी पुरणे महाग पडू लागले आणि स्किपवाल्यांनी आवारात फिरत्या चाळण्या आणि माणसांनी निवडायचे पट्टे बसवले. मेह्यूच्या बायका दीडशे वर्षांनी परत आल्या, या वेळी पगारावर. पाच पौंडांच्या फरकाने जे केले ते मालकीच्या शंभर कलमांनी केले नव्हते. जबाबदारी पेटीवर लिहावी, त्याला विरोध नाही; पण आतला माल निवडणाऱ्याला निवडू देणे त्या जबाबदारीच्या आड येत नाही, उलट तिचा भार हलका करते.

आपल्याकडे हा प्रश्न आज सर्वांत उघडा आहे तो राडारोड्याच्या बाबतीत. फ्लॅटची फरशी बदलली, न्हाणीघर फोडले, की पंचवीस-तीस गोणी माल निघतो. घरगुती कामासाठी भाड्याने पेटी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्यांवर खर्चाची जबाबदारी टाकली. मधला फ्लॅटवाला कोणाच्याच हिशेबात नीट बसत नाही. त्याच्या गोण्या रात्री कंटेनरशेजारी येतात, किंवा टेम्पोने खाडीकाठच्या खारफुटीत आणि मुळा-मुठेच्या पात्रात. या मालाला नाव नाही, दिवा नाही, फोन नंबर नाही. तेव्हा वाचकाला एवढेच सांगणे आहे. घराचे काम काढाल तेव्हा चौकटी, नळ, पत्रा, तारा आधी बाजूला काढून भंगारवाल्याला बोलवा. फरशी-विटा वेगळ्या गोणीत भरा, ट्यूबलाइट आणि रंगाचे डबे त्यात घालू नका. आणि टेम्पोवाल्याला पैसे देण्याआधी गाडी कुठे रिकामी होणार ते विचारा. ‘नदीकडे कुठेतरी’ असे उत्तर आले तर गोण्या उचलू देऊ नका.